चादरीचं दुसरं टोक

लॉन्ड्रीत तिला सगळ्या तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे कडक मावशी म्हणत. पाठीमागचं नाव तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षं घडीच्या दालनात उभी राहिलेली बाई मऊ राहील कशी? तिच्या हातची चादर इतकी नेमकी बसलेली असे की बराकीतले शिपाई ती उलगडायलाही कचरतात, असं ती स्वतःच सांगायची. शिपायांना कोणी विचारलं नव्हतं, पण मावशीला खोटं पाडायची टाप कोणाची होती?

लॉन्ड्री कालव्याला लागून होती. खाली धुण्याच्या टाक्या, मधल्या मजल्यावर चादरी दाबून वाळवणारे तापलेले रूळ, आणि सगळ्यात वर, उंच खिडक्यांचं घडीचं दालन. शहरातल्या दोन इस्पितळांच्या चादरी, बराकीच्या चादरी आणि शिपायांचे गणवेश इथेच येत. घडीचं काम जोडीचं. चादर एवढी लांबरुंद असते की एकटीने घालायला गेलं तर घडी होत नाही, गाठोडं होतं. एकीने दोन कोपरे धरायचे, समोरचीने दोन. एकीने विचारायचं, "धरलं?" दुसरीने म्हणायचं, "धरलं." मग मागे रेलून ताण द्यायचा, एक झटका, आणि घडी. असं दिवसभर. दालनात बेचाळीस जोड्या होत्या, आणि बराकीची दुहेरी चादर आली की शेजारच्या दोन जोड्यांनी मिळून, चौघींनी, ती धरायची. भिंतीवर नियमांची पाटी होती ती कोणी वाचत नसे. जो नियम सगळ्या पाळत तो पाटीवर नव्हताच: चादर जमिनीला लावायची नाही. लागली की ती परत खाली टाकीत जाणार, खालच्या बायकांचं काम वाढणार, आणि दुपारी जेवताना त्या जोडीला आपल्या शेजारी कोणी बसवून घेणार नाही.

मावशीची चादर चौतीस वर्षांत एकदाच जमिनीला लागली होती. तीसुद्धा अर्धीच.

त्याला आता अठरा वर्षं झाली होती. तेव्हा तिची जोडीदारीण होती उंची. खरं नाव काहीतरी छान होतं, पण दारातून येताना जिला मान वाकवावी लागते तिला लोक दुसरं काय म्हणणार? मावशी बुटकी, उंची ताडमाड. मुकादमाने ही जोडी लावली तेव्हा सगळं दालन हसलं होतं, कारण दोघींनी चादर धरली की ती घसरगुंडीसारखी तिरकी व्हायची. मग उंचीने कुठूनतरी साबणाचा एक रिकामा लाकडी खोका आणला, पालथा घातला आणि म्हणाली, चढ. त्या खोक्यावर उभं राहून मावशीने तेरा वर्षं घड्या घातल्या. लाकडावर तिच्या टाचांचे दोन खळगे पडले. दोघी एकमेकींच्या घरचं सगळं जाणून होत्या, कारण चादरीच्या दोन टोकांना उभं राहून दिवसभर दुसरं करणार काय? एकीचं टोक जरा ढिलं आलं तरी दुसरीला कळायचं की आज हिची कंबर दुखतेय, किंवा आज ही रडून आलीय.

त्या वर्षी दालनाचं दार कामाच्या वेळात बाहेरून कुलूप लावून बंद ठेवायला सुरुवात झाली. खालच्या मजल्यावर वाफेने दोघी भाजल्या, आणि कुलपाची किल्ली सापडेपर्यंत वरच्या बायका दारावर मुठी आपटत राहिल्या. मग ठरलं. सोमवारी नऊच्या ठोक्याला सगळ्यांनी चादर सोडायची. मुद्दाम जमिनीवर. चौऱ्याऐंशी बायकांनी माना डोलावल्या होत्या.

नऊ वाजले. उंचीने आपले दोन कोपरे सोडले आणि हात बाजूला घेऊन ताठ उभी राहिली. मावशीने सोडले नाहीत. दोन आठवड्यांपूर्वीच तिला लॉन्ड्रीच्या आवारात खोली मिळाली होती, बॉयलरच्या भिंतीला लागून. घरात नवरा होता, वाफेत आयुष्य घालवलेला, छातीने अधू झालेला, ज्याला डॉक्टरने कोरडी ऊब सांगितली होती. तिने मान वळवून पाहिलं. बाकी कोणीच सोडलं नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या आणि सगळ्यांच्या हातात टोकं होती. मावशीच्या हातातून चादर खाली लोंबत होती, पलीकडचा अर्धा भाग जमिनीवर पडलेला, आणि उंची तिच्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती.

दुपारच्या आत उंचीला काढलं. ती चादर मावशीने स्वतः खाली नेऊन धुतली.

आणि मग, झाल्या गोष्टीवर झाकण म्हणून, मावशीने एक वाक्य तयार केलं. कोणी त्या सोमवारचा विषय काढला की ती म्हणायची, "सगळ्या उठल्या तर माझ्या एकटीवाचून काही अडत नाही, आणि कोणीच उठलं नाही तर माझ्या एकटीने काही होत नाही. मग मी कशाला उठू?" वाक्य असं घट्ट शिवलेलं होतं की त्यात बोट घालायला जागा नव्हती. हळूहळू ते वाक्य दालनाचं झालं. मुली कामाला लागल्या की पहिल्या महिन्यात जोडी लावणं शिकायच्या आणि दुसऱ्या महिन्यात हे वाक्य. सासूला उत्तर देतानाही ते वापरायच्या म्हणे.

उंची कालव्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन घरीच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला लागली. रविवारी बाजारात ती मावशीला दुरून दिसायची. दिसणारच, गर्दीच्या वर डोकं निघायचं. मावशी लगेच भाजी निवडायला खाली वाकायची. मुळात बुटकी, त्यात वाकलेली. अठरा वर्षं तिने कोबी फार बारकाईने पाहिले.

उंचीच्या जागी नवी आली. ती अठरा वर्षं तिथे होती तरी तिला नवीच म्हणत, कारण तिच्यात जुनं होण्याचं लक्षणच दिसत नव्हतं. काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: मला काय कळतंय. पाऊस येईल का? मला काय कळतंय. भूक लागलीय का? मला काय कळतंय. ती मावशीच्याच उंचीची, त्यामुळे खोक्याची गरज उरली नव्हती. मावशीने खोका घरी नेला. नवऱ्याने विचारलं, कशाला? तर म्हणाली, बसायला. त्यावर कोणी कधी बसलं नाही.

आता या वर्षाचं. शहरावर प्रशासक बसवल्याला तीन वर्षं झाली होती. त्याने नगरसभेला टाळं ठोकलं, शाळेत शिपाई उतरवले, आणि हुकूम काढला की पाच किंवा जास्त माणसं एकत्र दिसली तर आत टाकायचं. बसचालकांनी एक दिवस काम थांबवलं, तेव्हा चाळीस जणांना नेलं. कुठे नेलं तेही घरच्यांना सांगितलं नाही. शहर आतल्या आत धुमसत होतं, पण धुमसण्याने कोणाची भाकरी भाजत नाही. गोदीवाले म्हणत, बसवाल्यांनी परत सुरुवात करावी. बसवाले म्हणत, आम्ही एकदा केली, आता गोदीवाल्यांनी करावी. शेवटी सगळ्यांचं बोट लॉन्ड्रीकडे वळलं. लॉन्ड्रीचा भोंगा शहरभर ऐकू जातो. तो अवेळी वाजला की सगळ्यांनी बाहेर पडायचं. शिवाय दर बुधवारी संध्याकाळी अर्ध्या बराकीचे गणवेश धुवायला येतात, म्हणजे गुरुवारी सकाळी निम्मे शिपाई बनियनवर असतात. गुरुवारी नऊ वाजता, असं ठरलं.

हा निरोप घेऊन फिरत होती रफूवाली. फाटलेल्या चादरी गोळा करायला ती प्रत्येक मजल्यावर जायची, त्यामुळे तिला कोणी हटकत नसे. बारीक, चष्मेवाली, बोलण्यात तिच्या सुईसारखीच. आधीच्या शुक्रवारी ती मावशीसमोर येऊन बसली आणि तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"वरच्या मजल्यावर सगळ्यांना विचारून झालं, मावशी. चौऱ्याऐंशीपैकी सत्तर जणींनी मला एकच उत्तर दिलं. शब्दाला शब्द तेच. तुमचं वाक्य."

मावशी म्हणाली, मग, त्यात खोटं काय आहे?

"खोटं काहीच नाही," रफूवाली म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आले. खोटं असतं तर मीच निस्तरलं असतं. तुम्ही ते परत घ्या."

वाक्य काय उसनी वाटी आहे परत घ्यायला, असं मावशीने तिला सुनावलं आणि वाटेला लावलं. पण त्या दिवशी तिची एक घडी तिरकी आली. नवीने पाहिलं आणि घडी पुन्हा सरळ केली.

शनिवारी साहेबांनी मावशीला बोलावलं. लॉन्ड्रीचे व्यवस्थापक आवाज न चढवणारे होते. गळा धरतानाही ते नखं लागू देत नसत. त्यांनी खुर्ची दिली, नवऱ्याच्या छातीची चौकशी केली. मग म्हणाले की वर काहीतरी शिजतंय असं कानावर आहे, पण वरच्या बायका मावशीचं ऐकतात हेही त्यांना ठाऊक आहे. मावशीच्या नोकरीची दोन वर्षं राहिली. दोन वर्षांनी खोली सोडावी लागणार, नियमच तो. पण गुरुवारी घडीचं दालन नेहमीसारखं चाललं, तर खोली दोघांना हयातभर राहील. असा कागद त्यांनी तयार करून ठेवला होता. त्यांनी तो टेबलावर फिरवून तिच्यासमोर ठेवला. सही तेवढी राहिली होती, ती गुरुवारी संध्याकाळी होणार होती. तिने काही करायचं नव्हतं. नेहमी जे करायची तेच करायचं होतं.

मोठमोठी शिकलेली माणसं यावर डोकं खाजवतात म्हणे, की बंड यशस्वी झालं तर फळ सगळ्यांना मिळतं, घरी बसलेल्यालाही. मग शहाणा माणूस घरी न बसता मार खायला जातोच कशाला? मावशीला हा प्रश्न कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो तिनेच अठरा वर्षं दालनात शिकवला होता. आता तर त्याच्या जोडीला कागदही आला होता. प्रशासक गेला तर तो तिच्यासाठीही जाणार, तिने बोट हलवलं नाही तरी. कुठल्याही बाजूने विचार करा, गप्प बसण्यातच फायदा होता. आणि तरी जिना उतरताना तिला वाट बघत उभी राहिलेली उंची दिसत होती.

नवरा नेहमीसारखा बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. पंचवीस वर्षं त्याने याच भिंतीपलीकडे कोळसा टाकला होता, आणि आता भिंतीच्या अलीकडून आवाज ऐकून तो पलीकडच्याला, म्हणजे स्वतःच हाताखाली तयार केलेल्या बॉयलरवाल्याला, शिव्या घालायचा. दाब कमी ठेवलाय लेकाने. झाकण नीट लावलं नाही. मावशीने त्याला कागदाचं सांगितलं. तो आनंदेल अशी तिला खात्री होती, आणि तो आनंदला की आपलंही ठरून जाईल असं वाटत होतं. नवऱ्यासाठी केलं म्हणायला ती मोकळी झाली असती, जशी मागच्या वेळी झाली होती.

त्याने बराच वेळ खोकून घेतलं. मग म्हणाला, "मी अठरा वर्षं या भिंतीला टेकून बसलोय. ही ऊब कुठून आली ते मला माहीत आहे. तुला काय वाटतं, उंचीची आठवण तुला एकटीलाच येते?"

मावशी म्हणाली, अहो, पण तुमची छाती.

"माझी छाती माझ्याकडे बघेल. तू माझ्या नावावर आणखी एक चादर लोंबत ठेवू नकोस. मला नाही पेलायची."

चौतीस वर्षांत कडक मावशी नवऱ्यासमोर दोनदा रडली होती. ही तिसरी वेळ. नवऱ्याने तिला रडू दिलं आणि मधूनच भिंतीवर थाप मारून पलीकडच्याला ओरडला की झडप बघ. प्रेमाची जास्त भाषा त्याला येत नव्हती.

सोमवारी मावशी कामावर आली ती ठरवूनच. वाक्य परत घ्यायचं, पण कसं? दालनात पाचजणी एकत्र आल्या तर मुकादम शिट्टी मारायचा, हुकूमच होता. मग पहिली दुहेरी चादर आली. शेजारची जोडी पुढे सरकली, चौघींनी चार कोपरे धरले, आणि मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाचजणींना बंदी होती. चौघींना नव्हती. कायदा करणाऱ्याने घरची चादर कधी घडी घातली नसावी.

"धरलं?" तिने विचारलं.

"धरलं," समोरच्या म्हणाल्या.

"मग ऐका. ते माझं वाक्य आहे ना, ते मी शहाणपणातून काढलेलं नाही. त्या दिवशी उंचीने चादर सोडली आणि मी नाही सोडली. मी घाबरले. ती लाज झाकायला मी ते वाक्य केलं. तुम्ही आजवर माझी लाज घोकताय." एक झटका, एक घडी. "सगळ्या उठतील का, हे मला माहीत नाही. सगळ्या म्हणजे कोण, मी कुठे बघितल्यात त्या? मला माझ्या समोरची माहीत आहे. तुला तुझ्या समोरची. गुरुवारी नऊ वाजता सगळ्यांकडे बघू नका. समोर बघा. बस."

शेजारच्या जोडीने घडी ठेवली आणि पुढची दुहेरी चादर पलीकडच्या जोडीबरोबर धरली. तिथे काय बोलणं झालं ते मावशीला ऐकू आलं नाही, पण पलीकडच्या बाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. असं ते चाललं, खिडक्यांच्या कडेने, एका जोडीकडून दुसरीकडे. मुकादम मधून फिरत होता आणि त्या दिवशी काम फार मन लावून चाललंय असं त्याने साहेबांना कळवलं. बुधवार संपेपर्यंत ते सगळ्या दालनातून फिरून दुसऱ्या बाजूने मावशीपाशी परत आलं, तेव्हा तिला तिचीच गोष्ट ऐकवण्यात आली. वाटेत त्यात थोडं तिखटमीठ पडलं होतं. ती त्या दिवशी चक्कर येऊन पडली होती असंही कळलं. तिने दुरुस्ती केली नाही.

एकच गोष्ट राहिली. नवी. तिला वेगळं काही सांगायची गरज नव्हती, पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा एक कोपरा तिच्याच हातात होता. पण तिने त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. चौऱ्याऐंशी बायकांना समोरचीकडे बघा म्हणून सांगणाऱ्या मावशीच्या समोर मात्र ही. बुधवारी सुटताना तिने न राहवून विचारलं, उद्याचं काय गं?

"मला काय कळतंय," नवी म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

गुरुवारी पावणेनऊला साहेब स्वतः वर आले. सोबत बराकीचा एक अधिकारी होता, गणवेशात, पण त्याच्या मागचे तीन शिपाई स्वेटरवर होते. साहेब दाराशी हात मागे बांधून उभे राहिले आणि त्यांनी मावशीकडे बघून ओळखीचं हसू केलं. रूळांवरून तापलेल्या चादरी येत होत्या. घड्या पडत होत्या. घड्याळाचा काटा रोज चालतो तसाच चालत होता, उगाच हळू वगैरे झाला नव्हता.

नऊला एक मिनिट कमी असताना मावशीने चादर उचलली. "धरलं?" तिने विचारलं. नवीने मान हलवली. दोघी मागे रेलल्या, ताण आला. मावशीने ठरवल्याप्रमाणे कोणाकडे पाहिलं नाही. तिने समोर पाहिलं, नवीकडे, आणि नवी पायाखालच्या फरशीकडे बघत होती. झालं, मावशीला वाटलं. आता उंची कोण आणि मी कोण हे तेवढं उलटं झालं. हरकत नाही. मी सोडणार. एकटीची सोडणार. कोणी बघो न बघो. आपल्यावर जे उधार होतं ते फेडल्यावर कसं वाटतं तेवढं तरी कळेल. तिला स्वतःचं नवल वाटलं, कारण तिला भीतीच वाटत नव्हती.

घड्याळाचा पहिला ठोका पडला. मावशीने बोटं उघडायच्या आधी, अगदी एका श्वासाआधी, तिच्या हातातला ताण गेला. चादर ढिली पडली. पलीकडचं टोक जमिनीवर होतं आणि नवी हात बाजूला घेऊन ताठ उभी होती, डोळे गच्च मिटून.

मावशीने आपलं टोक सोडलं.

सुती कापड पडल्याचा आवाज तो काय होणार? पण बेचाळीस चादरी एका दमात जमिनीवर पडल्या की तो ऐकू येतो, मोठ्या सुस्काऱ्यासारखा. मग मधल्या मजल्यावरचे रूळ रिकामे फिरायला लागले, मग तेही थांबले. साहेबांनी एकदा आवाज चढवला. आवाज चढवायची सवय नसल्याने तो मध्येच फाटला. अधिकाऱ्याने शिपायांकडे पाहिलं, शिपायांनी आपल्या स्वेटरकडे. आणि तेवढ्यात खालून भोंगा वाजला. लांबलचक, नऊ वाजता, ज्या वेळी तो जन्मात कधी वाजला नव्हता. तो संपायच्या आत गोदीकडून दुसरा आला, मग बसच्या डेपोतून हॉर्न, एकाचे दहा, दहाचे शंभर.

खाली खोलीत नवऱ्याच्या पाठीला भिंत हळूहळू गार लागायला लागली. बॉयलर निवत होता. तो पुढे शेजाऱ्यांना सांगायचा की आयुष्यात तेवढी सुंदर थंडी त्याला कधी वाजली नाही.

पुढचं शहराला ठाऊक आहे. सहा दिवस सगळं बंद राहिलं आणि सातव्या दिवशी प्रशासक मागच्या दाराने गाडीत बसून गेला. चाळीस बसचालक घरी आले. दोघे लंगडत, पण आले. लॉन्ड्री पुन्हा उघडली तेव्हा मावशीला, नवीला आणि रफूवालीला कामावर घेणार नाही म्हणून साहेब अडून बसले, तर दालनातल्या बायका फक्त चादरी उचलून धरून खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी तिघींना घेतलं. नवीने आधी सोडली की मावशीने, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. मावशी शपथेवर सांगते की नवीने. नवीला विचारलं तर ती म्हणते, मला काय कळतंय.

पण मावशीला त्या गुरुवारी हे काहीच माहीत नव्हतं. ती जिना उतरून आवारात आली तेव्हा साहेबांच्या माणसांनी तिची खोली रिकामी करायला घेतली होती. भांडी, गाद्या, ट्रंक, सगळं उघड्यावर. नवरा खुर्चीत, अंगावर घोंगडी, आणि सामान नीट ठेवत नाहीत म्हणून त्या माणसांना झापत होता. कागदावर सही व्हायची होती ती संध्याकाळ अजून आठ तास लांब होती. आता नेमकं जायचं कुठे, याचा मावशीने विचारच केलेला नव्हता. दोन रात्री उघड्यावर काढल्या तर तिसरीला त्याची छाती दगा देईल, हे तिला कळत होतं, आणि तरी सोडलेलं टोक परत उचलावं असं काही तिला वाटलं नाही.

फाटकाबाहेर माणसांची दाटी होती, पाच काय पाचशे. त्या सगळ्यांच्या डोक्यांवर एक डोकं दिसत होतं, आता पांढरं झालेलं. मावशीला सवयीने खाली वाकावंसं वाटलं. इथे कोबी नव्हते. ती सरळ उभी राहिली.

उंची गर्दीतून वाट काढत आत आली. मान वाकवून बघायची तिची जुनी तऱ्हा तशीच होती. तिने सामानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"चादर जमिनीला लागली?" तिने विचारलं.

"लागली," मावशी म्हणाली. "पूर्ण."

"उशीर केलास."

"हो."

उंचीने खाली वाकून ट्रंकेची एक कडी धरली. "तिसरा मजला आहे," ती म्हणाली. "पण दिवसभर इस्त्री चालते. भिंती कोरड्या आहेत."

मावशीला माफी मागायची होती, अठरा वर्षांची रचून ठेवलेली होती. तिने ट्रंकेची दुसरी कडी धरली.

नवऱ्याला खुर्चीसकट चौघींनी तीन मजले वर नेलं, मावशी-उंची आणि दालनातली शेजारची जोडी अशा दोन जोड्यांनी, दुहेरी चादर धरतात तसं. प्रत्येक वळणावर तो सूचना देत होता, आणि खुर्ची तिरकी झाली की ओरडायचा की घडी चुकली. मागून नवी येत होती, काखेत साबणाचा जुना खोका घेऊन. आवारात एवढं सामान पडलेलं असताना तिने हाच का उचलला, हे तिला कोणी विचारलं नाही. विचारून उत्तर काय मिळालं असतं ते माहीतच होतं.

वर खोलीत इस्त्रीचं टेबल, दोरीवर वाळत घातलेले लोकांचे कपडे, आणि खरोखरच कोरडी ऊब. नवऱ्याने भिंतीला हात लावून पाहिलं आणि पास केली. त्याच्या गादीवर घालायला उंचीने दोरीवरची एक मोठी चादर ओढली. तिला चादर दुहेरी करायची होती. दोन कोपरे धरून ती मागे सरली, आणि तेव्हा तिची नजर नवीने दाराशी ठेवलेल्या खोक्यावर गेली. टाचांचे दोन खळगे वरच्या बाजूला होते.

"अजून ठेवलायस?"

"दुसऱ्या कोणाबरोबर लागतच नव्हता," मावशी म्हणाली.

उंचीने पायाने खोका पुढे सरकवला. मावशी त्यावर चढली, टाचा खळग्यांत बसल्या, आणि तिने चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"धरलं?" उंचीने विचारलं.

मावशीने दोन्ही कोपरे मुठींत आवळले. मग म्हणाली, "धरलं."